साखरशेत ते नाशिक : मोफत उपचारांचा खर्च किती?

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या कुटुंबाला आणि नाशिक शहरातल्या कुटुंबाला सरकारने दिलेलं आरोग्य संरक्षण कागदावर सारखंच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून दोघांनाही वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. नाशिकचं कुटुंब मात्र रिक्षाने दहा मिनिटांत योजनेतल्या रुग्णालयात पोहोचतं. साखरशेतच्या पाड्यावरचा माणूस आधी डांबरी रस्त्यापर्यंत येतो, मग जव्हारला आणि तिथून मोखाडा-त्र्यंबकमार्गे सुमारे 80 किलोमीटरवरच्या नाशिकला. या अंतराचा खर्च कोणत्याही कार्डात धरलेला नाही. म्हणून या लेखात प्रत्येक सोयीपुढे दोन गोष्टी मांडल्या आहेत: सरकार काय देतं, आणि तरीही तुमच्या खिशातून काय जातं.

आधी योजना नीट समजून घेऊ. 2 जुलै 2012 रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. 2017 मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 पासून आली आणि पुढे दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने दीड लाखांची मर्यादा 5 लाखांवर नेली आणि पिवळं, केशरी, पांढरं अशा सगळ्या रेशनकार्डधारकांना योजनेत घेतलं. त्या निर्णयात 1,356 उपचार होते. पुढे ही यादी वाढवली गेली, त्यामुळे तुमचा आजार तिच्यात आहे की नाही हे आरोग्यमित्राला विचारूनच खात्री करा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. गावातून निघण्यापूर्वी 155388 किंवा 1800 233 2200 या मोफत क्रमांकावरही विचारता येतं. रुग्णालय योजनेत आहे का, आणि त्या आजारासाठी आहे का, असे दोन वेगळे प्रश्न विचारा. एखादं रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असतं, हृदयासाठी नसतं. हा दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे लोक 80 किलोमीटर जाऊन परत येतात.

योजनेतल्या पॅकेजमध्ये खाट, डॉक्टर, भूल, शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, रुग्णाचं जेवण आणि घरी गेल्यावर 10 दिवसांपर्यंतची देखभाल येते. रुग्णाला घरी परतण्यासाठी एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं एका वेळचं भाडंही त्यातच धरलेलं आहे. हे भाडं फार थोडे लोक मागतात. घरी सोडण्याच्या दिवशी आरोग्यमित्राकडे ते मागा. तो तुमचा हक्क आहे.

पॅकेजमध्ये काय येत नाही, ते अधिक महत्त्वाचं आहे. दाखल न होता घेतलेले उपचार येत नाहीत. ताप, खोकला, जुलाब, खरूज, रक्तदाब, मधुमेहाची रोजची गोळी, दर महिन्याची तपासणी, यांतलं काहीच येत नाही. रुग्णालयापर्यंत जाण्याचा खर्च येत नाही. सोबतच्या माणसाचं जेवण आणि त्याची बुडालेली मजुरी येत नाही. दाखल करून घ्यायचं की नाही हे ठरण्याआधी बाहेरच्या लॅबमध्ये करून आणायला सांगितलेल्या तपासण्यांचे पैसेही बहुतेकदा घरच्यांनाच भरावे लागतात.

आता हिशोब करू. समजा, घरातल्या बाईचं पोटाचं ऑपरेशन नाशिकला योजनेतून झालं, सात दिवस मुक्काम पडला आणि सोबत दोन माणसं राहिली. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला 312 रुपये होता, तोच धरू. दोन माणसांची सात दिवसांची मजुरी 4,368 रुपये होते. दोघांचं साधं जेवण-चहा दिवसाला 200 रुपये धरलं, तरी 1,400. रात्री निघावं लागलं आणि रुग्णवाहिका मिळाली नाही, तर खासगी जीपला 3,000 धरा. कधी कमी लागतील, पण पावसाळ्यातल्या रात्री याहून जास्तही लागतात. परतीच्या एसटीला सोबत्यांचे 200 ते 300. दाखल होण्याआधीच्या तपासण्यांना 2,000 ते 3,000. बेरीज अकरा ते बारा हजारांच्या घरात जाते. एका पैशाचंही बिल न आलेल्या ऑपरेशनसाठी घराची 35 ते 39 दिवसांची मजुरी गेली, आणि ही रक्कम सहसा सावकाराकडून किंवा वीटभट्टीच्या मालकाच्या उचलीतून येते. रुग्ण बाईच्या स्वतःच्या बुडालेल्या दिवसांचा हिशोब यात धरलेलाच नाही.

या खर्चातला थोडा भाग वाचवता येतो. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि 75 च्या पुढे पूर्ण मोफत. सिकलसेल आणि डायलिसिसच्या रुग्णांना साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची सवलत आहे. त्यासाठी लागणाऱ्या ओळखपत्राची चौकशी आगारात आधीच करून ठेवा. सोबत दोनऐवजी एकच माणूस नेता आला तर सर्वात मोठी बचत तिथेच होते, पण ऑपरेशनच्या रुग्णाजवळ एकट्या माणसाने सात रात्री काढणं किती अवघड असतं, हे ज्यांनी काढल्या त्यांना माहीत आहे.

कागदांविषयी थोडक्यात. रेशनकार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड एका प्लास्टिकच्या पिशवीत, एकत्र ठेवा. आयुष्मान कार्ड काढायला पैसे पडत नाहीत. ‘आभा’ कार्ड ही वेगळी गोष्ट आहे. तो तुमच्या तपासण्यांच्या नोंदी जोडणारा 14 अंकी क्रमांक आहे आणि त्याच्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. शिबिरांत दोन्ही एकाच टेबलावर निघत असल्याने गोंधळ होतो, म्हणून हातात पडलेलं कार्ड कोणतं हे तिथेच वाचून घ्या. घरात 70 वर्षांवरचं कोणी असेल, तर ऑक्टोबर 2024 पासून त्यांच्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचं आणि लहान मुलांचं नाव रेशनकार्डात आहे का, हे आजच बघा. दाखल करण्याच्या वेळी सर्वात जास्त अडचण इथेच येते.

आता कार्ड बाजूला ठेवा. साखरशेतला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, जव्हारला पतंगशाह उपजिल्हा रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्या आणि उपचारांपर्यंत सगळं मोफत आहे. कार्ड लागत नाही, मंजुरी लागत नाही, आजाराची यादी बघावी लागत नाही. हा निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकांच्या रुग्णालयांना लागू नाही. त्यामुळे ठाणे-मुंबईकडे पाठवलं तर तिथे केसपेपर आणि तपासण्यांचं शुल्क असू शकतं. ते रुग्णालय जन आरोग्य योजनेत असेल, तर दाखल होतानाच कार्ड दाखवा.

बाळंतपणासाठी योजनेच्या कार्डाचा विचारच करू नका. 1 जून 2011 पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातली साधी प्रसूती आणि सिझेरियन दोन्ही मोफत आहेत. औषधं, सोनोग्राफी, रक्तपिशवी, साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवण, घरून दवाखान्यात नेणं, एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेणं आणि बाळासह घरी सोडणं, सारं त्यात येतं. त्यासाठी 102 क्रमांकाची गाडी आहे आणि तातडीच्या वेळी 108. याशिवाय जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात 700 रुपये आणि मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. दुसरी मुलगी झाल्यास 6,000. हे पैसे बँक खात्यात येतात, म्हणून खातं आईच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. खासगीत सिझेरियनला शहरात सहज चाळीस-पन्नास हजार लागतात. जव्हारच्या रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघेही हजर असतील, तर हा सगळा खर्च वाचतो. दोघांपैकी एक जरी नसेल, तरी बाई नाशिकच्या वाटेला लागते. आठव्या महिन्यातच आशाताईंकडून किंवा सिस्टरकडून विचारून घ्या: आत्ता जव्हारला भूलतज्ज्ञ आहेत का? नसतील, तर तारखेच्या आधी जाऊन कुठे राहायचं, हे ठरवून ठेवता येतं.

हा सल्ला देताना मला वाईट वाटतं, कारण डॉक्टर आहे की नाही हे तपासण्याचं काम गरोदर बाईचं नाही. पण ऑगस्ट 2022 मध्ये मोखाड्याच्या एका पाड्यावर रस्ता नसल्याने बाईची जुळी बाळं गेली आणि तिला झोळी करून न्यावं लागलं. जून 2025 मध्ये याच तालुक्यातल्या एका बापाने नाशिकहून आपल्या मृत नवजात बाळाला पिशवीत घालून एसटीने गावी आणल्याच्या बातम्या राज्यभर आल्या. दोन्ही वेळी घरच्यांना उपयोगी पडली असती ती गाडी, रस्ता आणि जवळचा डॉक्टर. 108 ची गाडी मृतदेह नेत नाही. तशी वेळ आली, तर रुग्णालयाच्या अधीक्षकांकडे शववाहिका लेखी मागा.

सर्पदंशाबद्दल सविस्तर सांगतो, कारण आवणीच्या दिवसांत या भागात तो नेमाने होतो आणि त्यात वेळ आणि पैसा दोन्ही फार झपाट्याने जातात. मण्यार, घोणस, फुरसे, नाग या चौघांवरही एकच प्रतिविष चालतं आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. विष भिनल्याची लक्षणं दिसली, तर सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या द्याव्या लागतात, गरज पडल्यास आणखी. खासगी रुग्णालयात एकेक कुपी काहीशे रुपयांची, त्यावर अतिदक्षता विभागाचं दिवसाचं भाडं आणि गरज पडली तर कृत्रिम श्वास. दोन-तीन दिवसांत पन्नास हजारांच्या पुढे जाणारं बिल सरकारी दवाखान्यात शून्य असतं. मण्यार रात्री झोपेत चावते, जखम जवळपास दिसत नाही आणि सकाळी पोटदुखी किंवा पापण्या जड झाल्याचं लक्षात येतं. अशा वेळी भगताकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

इथे एक कागद फार मोलाचा आहे: दवाखान्याचा केसपेपर. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून घेणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये देते. सर्पदंश, झाडावरून पडणं यांसारख्या घटनांत मात्र लगेच रुग्णालयात गेल्याची नोंद लागते. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतही 2 लाख आहेत आणि त्यात सर्पदंश येतो. केसपेपर नसेल, तर दोन्ही ठिकाणी दावा अडतो. या दोन्ही योजना रुग्णालयाचं बिल भरत नाहीत. खात्यातून पैसे कापले म्हणजे आजारपणाचा विमा झाला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही.

रोजच्या गोळ्यांचा खर्च बारीक दिसतो, पण तो कधी संपत नाही. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या खासगी दुकानातून घेतल्या तर महिन्याला चारशे-पाचशे रुपये, वर्षाला पाच-सहा हजार. उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात त्याच मोफत. क्षयरोगाच्या रुग्णाला औषधं मोफत आणि पोषणासाठी 1 नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1,000 रुपये आहेत. सिकलसेलची तपासणी लग्नाआधी करून घ्या, तीही मोफत आहे. कुपोषित बाळाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवायचं असेल, तर आईला बुडीत मजुरी मिळते. किती आणि कधी, हे दाखल होतानाच विचारा.

दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांनी कार्डांची पिशवी गावी ठेवू नये. योजना राज्यात कुठेही चालते. ज्यांचं नाव आयुष्मानच्या यादीत आहे त्यांना गुजरातमध्ये आणि सिल्व्हासातही उपचार मिळतात. जव्हारच्या लोकांना सिल्व्हासाचं विनोबा भावे रुग्णालय परकं नाहीच. गरोदर बाई आणि लहान मुलं स्थलांतर करणार असतील, तर माता-बाल कार्ड सोबत न्या आणि जाण्यापूर्वी आशाताईंना ठिकाण सांगा.

याच पालघर जिल्ह्यात बोईसर-तारापूरचं औद्योगिक क्षेत्र आहे. तिथे महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या नोंदलेल्या कामगाराला राज्य कामगार विमा योजना (ईएसआय) लागू होते. त्याच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. त्यातून बाह्यरुग्ण उपचार मिळतात, औषधं मिळतात आणि आजारी रजेत वर्षातले 91 दिवस पगाराच्या 70 टक्के रक्कमही मिळते. भट्टीवर विटा थापणारा मजूर त्याच जिल्ह्यातला, कदाचित त्याच पाड्यावरचा. त्याला यांपैकी काहीही नाही. आजारपणात मजुरी बुडणं हा गरीब घराचा सर्वात मोठा खर्च आहे आणि त्याची भरपाई फक्त अशा नोंदलेल्या कामगाराला मिळते. तुमच्या घरातला मुलगा बोईसरला कंत्राटी कामाला असेल, तर पगारपत्रकावर ईएसआयची कपात दिसते का ते बघा. कपात होत असूनही क्रमांक दिला नसेल, तर लगेच मागा. आईवडील त्याच्यावर अवलंबून असतील, तर तेही त्यात येऊ शकतात.

खासगी पॉलिसी घ्यावी का, असं शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस झालेली मुलं विचारतात. तिशी-पस्तिशीचं जोडपं आणि दोन मुलं यांना 5 लाखांच्या पॉलिसीचा हप्ता कंपनीप्रमाणे साधारण 12 ते 20 हजार रुपये येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी गेला आहे. 15,000 रुपये धरले, तर रोजगार हमीच्या दराने ती 48 दिवसांची मजुरी झाली. शेतीवर आणि मजुरीवर असलेल्या कुटुंबाने हा हप्ता भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. योजनेचं 5 लाखांचं संरक्षण त्यांना आधीच आहे आणि पॉलिसी घेतली तरी कॅशलेस रुग्णालय नाशिकलाच असणार. पगारदारांनी घ्यायची असेल तर चार गोष्टी वाचाव्यात: आधीपासूनच्या आजाराला किती वर्षं थांबावं लागेल (एप्रिल 2024 पासून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं), खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का, बिलातला काही टक्के हिस्सा तुम्ही भरायचा आहे का, आणि जवळचं कॅशलेस रुग्णालय किती किलोमीटरवर आहे. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

योजनेतल्या रुग्णालयाने पैसे मागितले तर? पावतीशिवाय देऊ नका. पावती मिळाली की 155388 वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. योजनेत नसलेल्या, पण धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागलं, तर तिथे 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर निम्म्या दरात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. आणि 2021 च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. ते वाचल्याशिवाय सही करू नका.

इतकी सारी माहिती एका कुटुंबाला पाठ असावी लागते, हाच या व्यवस्थेतला मोठा दोष आहे. विम्याची व्यवस्था बिल झाल्यावर पैसे देते. जिथे बिल करणारं रुग्णालयच नाही, तिथे तिचे पैसे पोहोचत नाहीत, ते शहरांतच खर्च होतात. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने आणि साध्या आजारांनी मोठ्या संख्येने दगावली. त्यांना ऑपरेशनचं पॅकेज लागत नव्हतं, वेळेवर सिस्टर, औषध आणि पोटभर अन्न लागत होतं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी 39.4 टक्के लोकांच्या खिशातून गेला आणि सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 1.84 टक्के होता. 2017 च्या आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत अडीच टक्के ठरवले होते. थायलंडने 2002 मध्ये सर्वांना जवळपास मोफत उपचार दिले ते आधी जिल्ह्या-तालुक्यांत सरकारी रुग्णालयं उभी करून आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा बंधनकारक करून. आपल्याकडे आदिवासी भागात 3,000 लोकसंख्येला उपकेंद्र आणि 20,000 ला आरोग्य केंद्र हा निकष ठरलेला आहेच. त्या इमारतींत माणसं, औषधं आणि दारात चालू गाडी हवी. याहून मोठा विमा साखरशेतला कोणी देऊ शकत नाही. ही मागणी हक्काचीही आहे. सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात 1996 मध्येच दिला आहे.

ही माणसं, औषधं आणि गाडी मिळवण्यासाठी गावाच्या हातात साधनं आहेत. जव्हार-मोखाडा पेसा कायद्याच्या (आदिवासी अनुसूचित) क्षेत्रात येतात. ग्रामपंचायतीला मिळणारा पाच टक्के अबंध निधी आरोग्यावर खर्च करण्याचा ठराव ग्रामसभा करू शकते. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीलाही वर्षाला 10,000 रुपयांचा अबंध निधी असतो आणि रात्रीच्या जीपचं भाडं त्यातून देता येतं. मे महिन्यातल्या ग्रामसभेत तीन प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या: आरोग्य केंद्रातली कोणती पदं रिकामी आहेत, प्रतिविषाच्या किती कुप्या शिल्लक आहेत, आणि गाडी व चालक रात्री कुठे असतात. उत्तरांसह ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, दुसरी पालघरला जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि दोन्हींवर पोच घ्या. पाऊस सुरू होण्याआधी उत्तर आलं नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. त्याला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाहीत.